चौदा हजारांच्या वर

नाव विचारायच्या आधी हौसाताई मरगळेने मला पगार विचारला होता.

घोटावड्याच्या मेडिकलमधला माझा तो पहिला दिवस. मालक अण्णा ढमाले मला काउंटरमागे उभं करून चहाला गेले होते. कपाटाआडून एक तिशीतली बाई आली. पांढऱ्या अ‍ॅप्रनची वरची दोन बटणं गेलेली, त्या जागी भलीमोठी सेफ्टी पिन, हातात कात्री. बाजारात बोकड बघावा तसं तिने मला पुढून-मागून बघितलं आणि विचारलं, "किती ठरलं?"

"काय किती?"

"पगार वो. अण्णा किती बोलला?"

पगार ही मी जन्मभर झाकून ठेवत आलेली गोष्ट. झाकण्यासारखाच असतो तो. ठरले होते पंधरा हजार. पण नव्या जागी जरा वजन पडावं म्हणून मी म्हणालो, "अठरा."

अण्णा मिशीवरचा चहा पुसत आत आले, तशी ती कात्रीसकट त्यांच्यापुढे उभी राहिली. "अण्णा, ह्या बीफार्मला अठरा, आन मला बारा का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"तुला अठरा कुणी दिले रे?"

त्या दिवसापासून त्या दुकानात माझं नाव 'बीफार्म' पडलं, आणि पगाराबद्दल खोटं मी फक्त नातेवाइकांपुढे बोलू लागलो.

तसा पगाराच्या बाबतीत मी जुना जाणकार. लातूरहून बी.फार्म. होऊन आलो तेव्हा एका औषध कंपनीने मला 'पॅकेज तीन लाख' असं छापील कागदावर लिहून दिलं होतं. आईने गल्लीत पेढे वाटले. पहिला पगार झाला तेव्हा कळलं, की त्या तीन लाखांत कंपनीच्या बसचं भाडं, कॅन्टीनचं जेवण, विम्याचा हप्ता असं सगळं धरलेलं होतं. मेल्यावर घरच्यांना बरेच मिळाले असते. जिवंतपणी हातात फारसं काही येत नव्हतं. ती नोकरी मी बाणेदारपणे सोडली. त्यानंतर आलेली एक बरी नोकरी 'याहून बरी येईल' म्हणून नाकारली. आणि बऱ्याची वाट बघत बघत पिरंगुटमार्गे घोटावड्याला येऊन पोचलो.

हौसाताई डी.फार्म. होती, म्हणजे डिप्लोमावाली, पण तीही नोंदणी झालेली. आमच्या धंद्यात दुकान चालवायला कायद्याने एक नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर टांगावं लागतं. आमच्या दुकानात खंडोबाच्या फोटोखाली माझं टांगलेलं होतं. देवाला रोज हार मिळायचा, मला महिन्यातून एकदा फडका. माणूस एक, तर सर्टिफिकेट एक, आणि ते एकाच दुकानाला लावता येतं. हे नीट लक्षात ठेवा. हौसाताईचं सगळं याच खिळ्याला अडकलं होतं.

गिऱ्हाईक मात्र तिचं होतं, माझं नव्हतं. दिवसातून दोन वेळा गोळी घ्यायची, एवढं साधं वाक्य ती माणूस बघून बदलायची. डोंगरातल्या म्हातारीला सांगायची, "शेरडं सोडायच्या आधी एक, कोंडल्यावर एक." कंपनीतल्या कामगाराला, "शिफ्टच्या आधी एक, घरी आल्यावर एक." जवळच्या चांद्याच्या सोसायटीतून आलेल्या एका आयटीवाल्याला तिने सांगितलं, "लॅपटॉप उघडायच्या आधी एक, मिटल्यावर एक."

तो बिचारा खरंच म्हणाला, "मॅडम, तो मिटतच नाही हो."

"मग आधी त्यो मिटा. गोळी नंतर बघू."

सोसायटीची माणसं मोबाईल पुढे धरून म्हणायची, अ‍ॅपवर वीस टक्के कमी आहे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "मग त्या अ‍ॅपलाच खोकून दाखवा." अण्णा कपाळाला हात लावायचे. पण तो माणूस दुसऱ्या दिवशी परत यायचा, आणि यायचा तो माझ्याकडे न बघता थेट तिच्याकडे. एकदा मी तिच्यासारखंच बोलायला गेलो. एका पैलवानाला म्हणालो, "तालमीच्या आधी एक, नंतर एक." ती गोळी निघाली झोपेची. तो पैलवान तालमीआधी काय करून बसला असता, हे हौसाताईने मागून ओरडून थांबवलं म्हणून कळलं नाही. पुढे आठवडाभर मी काउंटरवर आलो की ती मोठ्याने जांभई द्यायची.

पगाराच्या दिवशी तिचे सासरे यायचे. कोंडीबा मरगळे. गावामागच्या डोंगरउतारावर त्यांची वस्ती. शेरडं-मेंढरं, थोडी भातशेती. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. दुकानातल्या बाकावर सलाइनच्या खोक्यांना टेकून बसायचे आणि अण्णांशी एकच संभाषण दर महिन्याला नव्याने करायचे.

"अण्णा, माझ्या सुनंला बारा देतुयास?"

"मामा, मागच्या वर्षी दहा होते. दोन वाढवले की."

"आन माझ्या शेरडं राखणाऱ्या गड्याला म्या किती देतो ठावं हाय का?"

"ठावं हाय, मामा."

"चौदा! दोन टायमाची भाकरी येगळी. त्यो अंगठा लावतो. ही विंग्रजीत सही करती. मग ही बारा का?"

"मामा, इथं सावली आहे, पंखा आहे..."

"मग पंख्याचं दोन हजार कापलं व्हय?"

यात हसण्यासारखं होतं, आणि मी हसायचोही. हौसाताई हसायची नाही. कारण हे नुसतं बोलणं नव्हतं. लग्नानंतर शेरडं तीच राखायची. मग कोंडीबांनीच, नवरा नको म्हणत असताना, निम्मी मेंढरं विकून तिला डी.फार्म.ला घातली. कधीतरी कुठल्यातरी मेडिकलवाल्याने त्यांना 'ए म्हाताऱ्या, कडेला उभा राहा' म्हटलं होतं म्हणे. म्हातारा कडेला उभा राहिला आणि घरी जाऊन म्हणाला, आपल्या घरात एक मेडिकलवाला पायजे. ती दुकानात उभी राहू लागली, तेव्हा डोंगरात तिच्या जागी एक गडी उभा करावा लागला. सुरुवातीला तो आठ हजार घ्यायचा. मग आजूबाजूला गोदामं आली, कंपन्या आल्या, हिंजवडी अंगावर आली. मजुरीचा भाव चढत गेला. गड्याचा पगार दरवर्षी वाढला, हौसाताईचा कुथतकुथत वाढला, आणि एक दिवस तो तिच्या पुढे निघून गेला.

कोंडीबांचा हिशेब सरळ होता. हौसाचा पगार गड्याच्या पगाराच्या वर असेल तोवर ती दुकानात. खाली गेला, तर तिला दुकानात ठेवणं म्हणजे घरातून पैसे घालून तिला अण्णांकडे कामाला पाठवणं. "मग तूच राख की शेरडं," ते म्हणायचे. रागाने नाही, भाव सांगावा तसं.

मग बारा हजारांवर ती टिकली कशी? तर भिंतीवरच्या त्या खिळ्यामुळे.

आमच्या दुकानाला माझं सर्टिफिकेट लागलेलं, म्हणजे तिचं मोकळं होतं. लवासातल्या एका गाळ्यात कुणी शेठ मेडिकल काढत होता, त्याला फार्मासिस्ट हवा होता. म्हणजे फार्मासिस्ट नकोच होता, नुसतं सर्टिफिकेट हवं होतं. महिन्याला चार हजार, यायची जरूर नाही. हे बेकायदा आहे, आणि आमच्या धंद्यात सर्रास चालतं. हौसाताईची इच्छा नव्हती. पण कोंडीबांना त्यात काही वावगं दिसेना. धनगरात शेळी वाट्याने द्यायची रीत आहे. शेळी आपली, ती दुसऱ्याने पाळायची, होणारी पिल्लं निम्मी निम्मी. आपली शेळी ओळखायला तिच्या कानाला खूण कापलेली असते. वाटेल तेव्हा जावं, कान दाखवावा, घेऊन यावं.

"कागदावर तुझा फोटू हाय, नाव हाय," ते म्हणाले. "हीच कानाची खूण. पायजेल तवा आनू की परत."

बारा नि चार सोळा. गड्याचे चौदा जाऊन वर दोन. त्या दोन हजारांवर हौसाताईची फार्मसी उभी होती.

लवासात राहायला फारशी माणसं आली नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. जे फिरायला येत ते आजारी पडायला घरी जात. शेठचे चार हजार आधी उशिरा येऊ लागले, मग निम्मे, मग 'पुढच्या महिन्यात बघू', मग फोन बंद. त्या महिन्यात कोंडीबा बाकावर बसले आणि अण्णांशी काहीच बोलले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. जाताना सुनेला एवढंच म्हणाले, "दिवाळीपोत्तर बघू."

हौसाताईने अण्णांकडे दोन हजार मागितले. अण्णा म्हणाले, दुकान बंद करावं लागेल. मग तिने बाहेर शोधायला सुरुवात केली, आणि नोकऱ्यांची तुलना या विषयातला एकमेव अनुभवी माणूस म्हणून माझ्याकडे सल्ला मागितला. माझ्या आयुष्यात एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

पिरंगुटच्या एका दुकानात तेरा देत होते. सरकारी दवाखान्यात कंत्राटी जागा होती, तिथे सतरा, पण पगार कधी होईल ते देवाला ठाऊक, असं तिथलाच माणूस म्हणाला. आणि हिंजवडीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली होती. मी तिला म्हणालो, "ताई, नुसता आकडा बघायचा नसतो. तिथे ग्रोथ किती, एक्स्पोजर किती, हे बघायचं."

"एक्स्पोजर म्हंजी काय?"

"म्हणजे... चार लोकांत आपण दिसतो."

"डोंगरात समद्या मुळशीला दिसते मी. आकडा बोला."

मुलाखतीसाठी मी तिला आठवडाभर तयार केलं. पगार विचारला तर आपण आधी आकडा बोलायचा नाही, जरा हसायचं, 'आपल्या धोरणाप्रमाणे' म्हणायचं.

"आन त्येंचं धोरण बारा निघालं तर?"

माझ्या वेळी ते तसंच निघालं होतं.

मुलाखतीहून आली तेव्हा काउंटरवर पर्स आपटून तिने सगळं उभ्या उभ्या सांगितलं. "एक पोरगी हुती, लई बारीक. गोळ्यांचं समदं इच्यारलं, सांगितलं. मग म्हनली, युअर एक्स्पेक्टेशन? मी हासले, तुमी सांगितल्यागत. ती बी हासली. मी आजून हासले. मग तिला वाटलं हिला काय होतंय. म्हनलं, आता बास. सरळ बोलले, बाई, आमचा शेरडं राखणारा चौदा घेतो, त्येच्या वर काय देतासा ते बोला."

"असं म्हणालात?"

"मग काय! ती उठून आत गेली, येका टकल्या सायबाला घिऊन आली. त्येनं मला परत बोलाय लावलं. लई हासला. म्हनला, मी बी धनगराचाच हाय, सोलापूरकडचा. बावीस देतो. एक तारखेला या."

बावीस! अण्णांच्या हातातला चहा हिंदकळला. आठवडाभराचं माझं प्रशिक्षण तिने टाकून दिलं म्हणून नोकरी मिळाली, हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. पैलवान प्रकरणानंतर त्याची गरज नव्हती. बावीसातून बसभाडं वजा, गड्याचे चौदा वजा, तरी हातात चांगले राहत होते. दुसऱ्या दिवशी ती सगळी बटणं असलेला नवा अ‍ॅप्रन घालून आली. आमच्याकडे नव्हे, तिकडे घालायचा होता. आमच्याकडे नुसता घालून बघितला. काउंटरच्या काचेत स्वतःला बघून म्हणाली, "बरी दिसते का वो, बीफार्म?"

"डॉक्टर दिसता."

"डॉक्टर नगं. आपलं हाय तेच दिसू द्या."

हॉस्पिटलने कागद मागवले. नोंदणीचा नंबर त्यांनी कॉम्प्युटरवर टाकला, तर उत्तर आलं, की या बाई आधीच नोकरीला आहेत. लवासात.

शेठचा फोन बंदच होता. मी म्हणालो, आपण प्रत्यक्ष जाऊ, राजीनाम्यावर त्याची सही घेऊ, दोन तासांचं काम. माझ्या मोटारसायकलवर निघालो. मुठ्याच्या पुढे टेमघरच्या घाटात पेट्रोल संपलं, कारण ते भरायचं मी ठरवलं होतं आणि ठरवण्यावरच समाधान मानलं होतं. घाटाच्या चढणीला मी गाडी ढकलत होतो, हौसाताई मागून ढकलत होती, म्हणजे खरं तर एकटी तीच ढकलत होती. रागावली नाही. त्या दिवशी तिच्याकडे रागवायलाही वेळ नव्हता. एका कारवाल्याला हात करून तिनेच बाटलीभर पेट्रोल मिळवलं.

लवासात तळ्याकाठी रंगीत इमारतींची रांग. खाली गाळे, बहुतेकांची शटरं खाली. मेडिकलला शटर नव्हतं, काचेचं दार होतं, त्याला कुलूप. काचेवर बोटभर धूळ. हौसाताईने पदराने एक गोल पुसला आणि आत बघितलं. मीही बघितलं. रिकामी कपाटं, एका फळीवर उन्हाने विटलेल्या क्रीमच्या ट्यूबा, आणि समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये हौसाताई. कॉलेजातला फोटो, दोन वेण्या, डोळे वटारलेले.

"बगा," ती म्हणाली. "मी हितं कामाला हाय. एकटीच."

मागून पहारेकरी आला. बिहारकडचा, वयस्क. त्याने एकदा काचेतून आत बघितलं, एकदा तिच्याकडे. "अरे, ये तो अंदरवाली मैडम हैं! हम तो रोज़ देखते हैं आपको. आज पहली बार बाहर आईं?"

शेठ कधी येतो विचारलं, तर म्हणाला, उन्हाळ्याच्या आधीच सामान उचलून गेला. कुठे? त्याने तळ्याच्या पलीकडच्या डोंगराकडे हात केला. त्या दिशेला सगळा देशच आहे.

मला वीरश्री चढली. मी एक दगड उचलला. पहारेकऱ्याने नुसतं बघितलं, आणि दगड आपोआप माझ्या हातातून खाली ठेवला गेला. हौसाताई म्हणाली, "फोडून काय करता? कागुद काढला तरी नाव त्या कंप्यूटरात हाय." मग तिने काचेला कपाळ टेकवलं. तिचा श्वास काचेवर उमटत होता, जात होता. पहारेकरी काहीतरी समजून दूर जाऊन उभा राहिला. मला विनोद सुचत नाही असे प्रसंग कमी, तो एक.

परतताना मला कल्पना सुचली. तीही सुचायला नको होती. पुण्याच्या औषध प्रशासनाच्या कचेरीत आपण रीतसर अर्ज देऊ, नाव काढून मागू. अर्ज मी लिहिणार, इंग्रजीतून, कारण मी बी.फार्म. रात्र घालवून मी तो लिहिला. भाषा अशी, की कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. कचेरीतल्या पोक्त कारकूनबाईंनी चष्मा लावून वाचला, परत वाचला, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हलक्या आवाजात विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"पहिल्याच ओळीत तुम्ही लिहिलंय, की ह्यांनी सर्टिफिकेट भाड्याने दिलं होतं. हा अर्ज मी घेतला ना, तर दुकानाचं नंतर बघू. आधी ह्यांची नोंदणी जाईल." त्यांनी कागद घडी करून माझ्याच खिशात घातला. "बाळ, घरी जा. बाई, तुम्ही साधा राजीनामा द्या. आमचा माणूस जाऊन जागेवर बघेल, मग नाव निघेल."

"कदी निगंल?" हौसाताईने विचारलं.

"बघते मी. पण लगेच नाही हो निघत. महिने लागतात."

"एक तारखेला जायाचं हाय, बाई."

कारकूनबाईंनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तक्रार करायची तर स्वतःवरच करायची, गप्प बसायचं तर नोकरी जायची. जिन्यात हौसाताई एकदम थांबली आणि मला म्हणाली, "कानाची खूण म्हनले मामंजी. कान तर माझाच हाय वो. मग मला का सोडत न्हाईत?"

मी तिला खाली चहा पाजला. एवढंच येत होतं.

हॉस्पिटलच्या त्या सोलापूरच्या साहेबांनी एक तारखेची पंधरा केली. मग त्यांचाही नाइलाज झाला. ती फोनवर त्यांना म्हणाली, "सायेब, बिनकागदाची घ्या, आठराच द्या." मग "सोळा." मी कपाटाआड उभा राहून ऐकत होतो. पगार सरळ तोंडावर मागणारी बाई, स्वतःचा भाव स्वतः उतरवत होती. "पंधरा," ती म्हणाली, म्हणजे चौदाच्या वर कसंबसं डोकं. ते म्हणाले असावेत, की प्रश्न पैशाचा नाही. तिने फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला पट्टीतल्या गोळ्या कापून दिल्या. पट्टी वाकडी कापली गेली. तिची पट्टी वाकडी कापलेली मी तेव्हाच बघितली.

पिरंगुटचे तेरा चौदाच्या खालीच होते, आणि सरकारी जागेलाही मोकळं नावच हवं होतं. दिवाळीनंतर ती आली नाही.

अण्णांना आधी वाटलं, येईल. मग दुसरं माणूस शोधू लागले. बारा हजारांत एक मुलगा आला, त्याने विचारलं, एसी आहे का. दुसऱ्याने विचारलं, यावंच लागेल की सर्टिफिकेट चालेल? डोंगरातल्या म्हाताऱ्या दारात येऊन 'हौसा कुटं हाय' विचारायच्या आणि मला बघून परत जायच्या. सोसायटीवाले खरंच अ‍ॅपला खोकून दाखवू लागले. महिना-दीड महिना असा गेल्यावर अण्णा एका दुपारी गल्ला बंद करून म्हणाले, "सोळा देतो म्हणून सांग तिला. तूच जा."

मी तेव्हा साडेपंधरावर होतो. हा आकडा माझ्याच तोंडून कळवायचा होता. पण खरं सांगतो, मी उडत गेलो. सोळा म्हणजे चौदाच्या वर!

वस्तीच्या वरच्या अंगाला, सुकल्या गवतात ती सापडली. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला फडकं, हातात काठी. मागे खूप लांबवर हिंजवडीच्या इमारती आणि क्रेन. शेरडं-मेंढरं चहूकडे पसरलेली.

"काय बीफार्म, कुनाला गोळी द्यायाला आलात? बोकडाला?"

मी धापा टाकत म्हणालो, "अण्णा सोळा द्यायला तयार आहेत."

"कुनाला?"

"तुम्हाला."

ती काठीवर रेलली. "मी हुते तवा दोन हजार वाढवा म्हनलं, तर दुकान बंद पडत हुतं. आता गेले तर चार वाढलं." मग एका मेंढराला काठीने वळवत, "नसल्याचा पगार लई हाय की वो आपल्या धंद्यात."

"म्हणजे येता ना?"

"गडी कुटं हाय? त्यो चांद्याला सोसायटीत वाचमन झाला. टोपी हाय, बसाय खुर्ची हाय. मामंजींनी त्येचा पगार वाचला म्हनून वर आजून मेंढरं घेतली." तिने कळपाकडे बघितलं, त्यात नवी कोणती ते मला कळणं शक्य नव्हतं. "आता दुसरा गडी चौदाला बी मिळायचा न्हाई."

"सोळाला तर मिळेल? तुमचे सगळे त्यालाच द्यायचे."

तिच्या तोंडावर काहीतरी हललं, मुलाखतीहून आल्या दिवशी होतं तसं काहीतरी. "थांबा," ती म्हणाली. "ह्येंना इच्यारते. ह्ये मामंजींना बोलले तर... हितं रेंज न्हाई, वर टेपाडावर हाय. जरा शेरडांकडं बगा. त्या काळ्या शेळीला तेवढं हरभऱ्यात शिरू दिऊ नका."

काठी माझ्या हातात देऊन ती चढ चढू लागली. आधी चालत, मग साडी वर धरून चक्क पळत.

मी काठी उगारून उभा राहिलो. पैलवानाने घेतलं होतं तितकं गांभीर्याने शेरडांनी मला घेतलं नाही. एक माझ्या शर्टाची बाही चघळू लागली. मी "हर्र हर्र" असा काहीतरी आवाज काढला, तर निम्मी उलट दिशेने चालू पडली. त्यांना वळवता वळवता मी वर बघितलं.

टेपाडावर ती उभी होती, फोन कानाला. बोलत होती. मोकळा हात एकसारखा हलत होता, गिऱ्हाइकाला गोळ्या समजावून सांगताना हलायचा तसा, एकेक गोष्ट वेगळी काढून. मग हात हवेतच थांबला. आता पलीकडून बोलणं चाललं असावं. तो हात हळूच खाली आला. थोड्या वेळाने फोनचा हातही खाली आला.

मला वाटलं, आता वळेल, उतरेल. ती वळली नाही. पाठमोरी, त्या क्रेनच्या दिशेला तोंड करून तशीच उभी राहिली. वाऱ्याने नवऱ्याचा शर्ट फुगत होता, पडत होता. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचलं नाही.

काळी शेळी केव्हाच हरभऱ्यात शिरली होती. मी काठी घेऊन तिच्यामागे धावलो.